रिटायर झाल्यावर घरपोच डबे द्यायला जावं का? कोणी केलंय का?

रिकामी_खुर्ची

नमस्कार मंडळी. चार महिन्यांपूर्वी रिटायर झालो, वय ६१. पहिला महिना झोपण्यात गेला, दुसरा कपाटं आवरण्यात, आणि तिसऱ्या महिन्यात बायको म्हणाली की आता दिवसातून दोन तास तुम्ही कुठेतरी जात जा, नाहीतर मी जाते. आमच्या भागात एक ग्रुप आहे, ज्यांना घराबाहेर पडता येत नाही अशा म्हाताऱ्या किंवा आजारी लोकांना दुपारचा डबा घरी नेऊन देतात. स्वयंपाक एकाच ठिकाणी होतो आणि मग स्वयंसेवक आपापल्या वाटेवरचे डबे उचलून निघतात. त्यांना माणसं कमी पडतायत, मला आठवड्यातून तीन दिवस याल का विचारलंय, एका फेरीत १२ घरं.

करावंसं वाटतंय, खोटं कशाला बोलू. पण उजवा गुडघा कुरकुरतो आणि त्यातली बरीच घरं वरच्या मजल्यांवर. शिवाय मी मुळात बोलका नाही, ३६ वर्षं हिशेबाच्या वह्यांमध्ये मान घालून काढली, आता अनोळखी माणसाच्या दारात उभं राहून काय बोलायचं तेच सुचणार नाही. आणि एक विचार रात्री हमखास येतो, की समजा बेल वाजवली आणि दार उघडलंच नाही तर? काय करतात मग?

भाऊ म्हणाला, हल्ली फोनवर चार बटणं दाबली की जेवण दारात येतं, तुझी काय गरज? त्याला उत्तर देता आलं नाही आणि ते जास्त टोचलंय. कोणी हे केलं असेल तर खरं काय ते सांगा, उगाच छान छान नको.

---

सायकलची_घंटा

दादा, मी नऊ वर्षं करतेय, आता ७० ची आहे, तेव्हा जरा लांबण लागेल.

पहिलं म्हणजे तीन दिवसांना लगेच हो म्हणू नका. एक दिवस घ्या. माझ्या डोळ्यासमोर कितीतरी जण उत्साहात आठवडाभर आले आणि सव्वा महिन्यात गायब. समोरच्या माणसाला तुमचा चेहरा, पावलांचा आवाज, यायची वेळ सगळं सवयीचं होतं आणि मग एक दिवस भलताच माणूस दारात. एकच वार घ्या पण तो वार पाळा, आजारी पडलात तर आदल्या रात्री कळवा, सकाळी नऊ वाजता फोन केला की ज्यांच्यावर वाटप असतं त्यांची जी पळापळ होते ती मी दोन वर्षं स्वतः केलीय.

गुडघ्याचं आधीच सांगून टाका. सांगितलं की वाट बदलून देतात, लिफ्टवाली किंवा तळमजल्यावरची घरं देतात, त्यात कमीपणा काही नाही. आमच्याकडे दोघं मिळून जातात, एक गाडी चालवतो, दुसरा चढतो. आणि बारा डबे एकदम उचलायचे नाहीत हो! पिशवी गाडीत ठेवायची, दोन-तीन घरांचेच डबे वर न्यायचे. मी पहिल्या वर्षी शहाणपणा केला आणि कंबर धरून तीन आठवडे पडून होते.

दार उघडलं नाही तर, हे मात्र नीट वाचा. प्रत्येक घराची एक चिठ्ठी किंवा कार्ड हवं, त्यावर जवळच्या माणसाचा नंबर, शेजाऱ्याचा नंबर, ऐकू कमी येतं का, कुठल्या दाराने जायचं. बेल वाजवायची, थांबायचं, हाक मारायची, मग फोन लावायचा आणि कान दाराला लावून आत फोन वाजतोय का ते ऐकायचं. मग शेजारी. मग ग्रुपच्या माणसाला फोन, तो घरच्यांना गाठतो. कुणालाच पत्ता नसेल तर पोलिसांना किंवा अँब्युलन्सला बोलवायचं, लाजायचं नाही. डबा दाराला अडकवून पुढे जायचं नाही, कधीच नाही, मग बाकीच्या घरांना अर्धा तास उशीर झाला तरी चालेल. दहातल्या नऊ वेळा माणूस दवाखान्यात गेलेला असतो नाहीतर बाथरूममध्ये असतो. दहाव्या वेळेसाठीच हे सगळं करायचं. नऊ वर्षांत मला तीन वेळा आत पडलेलं माणूस सापडलं, त्यातले दोघं वाचले.

गरम पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड पदार्थ ५ च्या खाली राहायला हवेत, मधल्या तापमानात जंतू फार झपाट्याने वाढतात, सोयीची परिस्थिती मिळाली तर साधारण वीस मिनिटांत दुप्पट. दोन तासांच्या आत माणसाच्या हातात डबा पडला पाहिजे. आणि परत गरम केलं की सगळं ठीक होतं असं नसतं, काही जंतूंनी सोडलेलं विष उकळूनही जात नाही. म्हणून गरम आणि थंड एका पिशवीत ठेवू नका, आणि दर घरी पिशवी सताड उघडी ठेवून गप्पा मारू नका (हे मी स्वतःला सांगतेय).

बोलका नाही म्हणालात ते उलट बरं आहे. बोलके लोक फार बोलतात.

---

तिसऱ्या_मजल्यावरचा

मी डबा घेणाऱ्यांपैकी आहे. वय ७९, खुब्याचं हाड मोडलं त्याला दीड वर्ष झालं, वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरतो, जिना उतरत नाही. टायपिंगला एक बोट, चुका सांभाळून घ्या.

जो तो म्हणतो डबा हे निमित्त, खरी गरज माणसाची. माफ करा पण मला भूक लागते. साडेबाराला लागते. गोळ्या जेवणानंतरच्या आहेत. तुम्ही दीड वाजता येऊन माझ्या तब्येतीची मनापासून चौकशी केलीत तर मी हसून उत्तर देईन पण लक्ष सगळं पिशवीकडे असेल. म्हणून आधी वेळ पाळा, मायेचं नंतर बघू.

दुसरं, बेल. खुर्चीतून उठून वॉकर धरून दारापर्यंत यायला मला दोन मिनिटं लागतात, घड्याळ लावून मोजलंय. दर वीस सेकंदांनी बेल वाजवली की मी घाई करतो, आणि घाईतच माणूस पडतो, मागच्या वेळी तसंच झालं. एकदा वाजवा, "मी आहे, सावकाश या" असं मोठ्याने म्हणा आणि भिंतीला टेकून उभे राहा. तुमच्या गुडघ्यालाही आराम.

तिसरं, मला बाळ समजू नका. एक बाई यायच्या त्या "जेवणार ना शहाण्यासारखं?" असं म्हणायच्या. मी ४० माणसांचा वर्कशॉप चालवलाय.

भावाला सांगा की फोनवरून मागवलेलं मीही दोन महिने खाऊन पाहिलं. तो पोरगा खाली गेटपाशी उभा राहून फोन करतो, खाली या म्हणतो. मी खाली येऊ शकलो असतो तर मागवलं कशाला असतं?

---

सोडून_दिलेला

छान छान नको म्हणालात म्हणून लिहितो. मी पाच महिने केलं आणि सोडलं. एका घरी आधी बल्ब बदलून दे, मग औषधं आणून दे, मग बँकेत जाऊन पैसे काढून दे. मला नाही म्हणता येत नाही. शेवटी त्यांच्या पुतण्याने पैशांवरून माझ्यावरच संशय घेतला. तेराशे वेळा सिद्ध करा की तुम्ही चोर नाही. त्या दिवशी पिशवी परत केली.

आणि मला मनापासून वाटतं की हे काम पगारी माणसांनी करायला हवं. रिटायर्ड लोकांच्या चांगुलपणावर सगळं चाललंय म्हणून कुणी पैसे टाकत नाही. आम्ही थांबलो की डबेही थांबतात, अशी व्यवस्था म्हणजे व्यवस्थाच नाही.

---

सायकलची_घंटा

@सोडून_दिलेला पगारी माणसांबद्दल अर्धी सहमत, स्वयंपाकाला आणि नियोजनाला पगारी माणूस हवाच, आमच्याकडे आहे. पण पैशांचं तुम्हाला कुणीतरी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं, त्यात चूक तुमची नाही. आमच्याकडे नियमच आहे, पैसे, एटीएम कार्ड, सही, दागिने कशालाच हात लावायचा नाही, किल्ली ठेवायची नाही, औषधं द्यायची नाहीत. कुणी मागितलं तर "मला परवानगी नाही" म्हणायचं. "मला जमणार नाही" म्हटलं की माणूस आग्रह करतो, परवानगी नाही म्हटलं की विषय संपतो. बल्बसाठी मी ग्रुपच्या ऑफिसात निरोप देते, ते दुसऱ्या कुणाला पाठवतात. (बरं एकदा मी बदलला होता बल्ब. कुणाला सांगू नका.)

---

रात्रपाळी

नर्स आहे, २२ वर्षं, बरीचशी वयस्कर पेशंटच्या वॉर्डात. दारात उभं राहून काय बोलू असं विचारलंत ना काका, बोलायचं थोडं, बघायचं जास्त. तुम्ही हिशेबवाले, कालच्या आणि आजच्यातला फरक पकडणं हे तुमचंच काम आहे.

कालचा डबा तसाच पडलाय का. कपडे तीन दिवस तेच आहेत का. अंगठी बोटात सैल फिरतेय का, कवळी बोलताना हलतेय का, वजन उतरलं की हे आधी दिसतं. सहा महिने ते वर्षभरात काहीही न ठरवता वजनाच्या ५ टक्के किंवा जास्त उतरलं तर डॉक्टरला सांगायची गोष्ट असते, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे ३ किलो. नेहमी स्पष्ट बोलणारे आजोबा आज एकाएकी गोंधळलेत, वार विचारतायत, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका, म्हातारपणी लघवीचं इन्फेक्शन किंवा पाणी कमी पडणं असं अचानक गोंधळून जाण्यातून दिसू शकतं, ताप नसतानाही. तहानेची जाणीवच वयाबरोबर मंदावते, म्हणून डबा ठेवताना पाण्याचा ग्लास भरून त्यांच्या हाताशी ठेवलात तरी पुष्कळ झालं. पण हार्टचे आणि किडनीचे काही पेशंट पाणी मोजून पितात, तेव्हा आग्रह करकरून पाजू नका.

चेहरा एका बाजूला ओघळलाय, एक हात वर धरला की खाली येतोय, जीभ जड झालीय, यातलं एक जरी दिसलं तरी पक्षाघात समजून लगेच अँब्युलन्स, आणि शेवटचं नीट कधी बोलत होते ती वेळ लिहून ठेवा. मेंदूतली गुठळी विरघळवायचं औषध साधारणपणे सुरुवातीपासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, दवाखान्यात पहिला प्रश्न तोच असतो.

पडलेलं माणूस सापडलं तर ओढून उठवू नका. तुमची कंबर जाईल आणि त्यांचं हाड मोडलेलं असेल तर आणखी हलेल. पांघरूण घाला, बोलत राहा, मदत बोलवा. तासाभराहून जास्त जमिनीवर पडून राहिलं की स्नायू दबून खराब व्हायला लागतात, त्याचा मार किडनीवर येतो, म्हणून किती वेळ पडून होते तेही विचारून ठेवा.

आणि डबे अदलाबदल करू नका! "आज यांना तो द्या, सारखंच आहे" असं नसतं. किडनीवाल्यांचा कमी मिठाचा आणि कमी पोटॅशियमचा असतो, गिळायला त्रास असणाऱ्यांचा मऊ किंवा वाटलेला असतो, त्यांना साधं जेवण दिलं तर ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांना हिरव्या पालेभाज्या रोज साधारण सारख्याच प्रमाणात लागतात, कारण त्यातलं व्हिटॅमिन के औषधाच्या उलट काम करतं. इन्सुलिन घेणाऱ्यांचा डबा उशिरा गेला तर साखर उतरते, घाम, थरथर, चिडचिड. जागे असतील आणि गिळता येत असेल तर साखरेचं पाणी किंवा ग्लुकोज. बेशुद्ध असतील तर तोंडात काहीही घालायचं नाही. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा वेळेबद्दल उगाच करवादत नाहीयेत.

---

वाचत_बसलेली

थोडं विषयांतर, पण हे काम किती जुनं आहे ते मला अलीकडेच कळलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये विमेन्स व्हॉलंटरी सर्व्हिसच्या बायका हे करायच्या, घरोघरी पोचवायला हेमेल हेम्पस्टेड या गावात १९४३ ला सुरुवात झाली. ऑस्ट्रेलियात १९५३ मध्ये साउथ मेलबर्नला नॅन्सी डॉब्सन नावाच्या बाई चक्क तीनचाकी सायकलवरून जेवण पोचवायच्या. अमेरिकेत १९५४ मध्ये फिलाडेल्फियात, आणि तिथे तर शाळकरी पोरं डबे न्यायची. पुढे १९७२ मध्ये तिथल्या सरकारने वृद्धांसाठीच्या कायद्यात जेवणाची योजना घातली, म्हणजे @सोडून_दिलेला यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही, पैसे टाकता येतात. त्या योजनेत एका जेवणातून दिवसाच्या गरजेचा निदान एक तृतीयांश भाग मिळालाच पाहिजे अशी अट आहे.

---

सायकलची_घंटा

तीनचाकी! मी उगाच दोन चाकांवर जीव टांगणीला लावलाय.

---

लांबची_लेक

आई एकटी राहते, मी विमानाने सहा तासांवर. तिला सव्वा वर्षापासून डबा येतो. मला रोज फोनवर सांगायची की जेवले, पोटभर जेवले. एक दिवस डबा देणाऱ्या काकांचा फोन आला, म्हणाले, ताई, आई रोज अर्धा डबा संध्याकाळसाठी झाकून ठेवतात आणि संध्याकाळी खात नाहीत, सकाळी टाकून देतात, मी कचऱ्यात बघितलं. मला राग आला, की माझ्या आईचा कचरा बघायचा काय अधिकार. मग रात्रभर झोप नाही आली. दाताचं दुखणं निघालं शेवटी, चावता येत नव्हतं आणि माझ्यावर खर्च नको म्हणून सांगत नव्हती.

ते काकाही फारसं बोलत नाहीत. आई म्हणते, तो घुम्या आला की बरं वाटतं.

---

रिकामी_खुर्ची

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय. एकच वार घेतला, बुधवार. पहिल्या दोन फेऱ्या दुसऱ्या एका बाईंच्या मागे मागे फिरलो, या बुधवारी एकटा गेलो, आठ घरं, त्यातली सहा लिफ्टची. गुडघा ठीक आहे, दुसऱ्या दिवशी बर्फाने शेकावा लागला एवढंच.

सवय जात नाही म्हणून छोटी वही केलीय, घराच्या नावापुढे फक्त खुणा, कालचा डबा रिकामा की भरलेला, दार किती वेळात उघडलं. कुणाचं नाव नाही, आजार नाही, मलाच कळेल असं. रात्रपाळी ताईंचं वाचून सुचलं.

एक गोष्ट सांगायची होती. एक आजोबा आहेत, फारच टापटीप. दोन्ही बुधवारी आदल्या दिवशीचा डबा टेबलावर जसाच्या तसा. बरोबरच्या बाई म्हणाल्या त्यांना चव आवडत नाही, तसं ते स्वतःच म्हणतात. या वेळी मी दारात डबा दिला आणि बाकी काही सुचेना म्हणून नुसताच उभा राहिलो, तेही उभे राहिले, आणि मग त्यांनी अवघडून माझ्यासमोरच झाकण उघडायचा प्रयत्न केला. उघडेना. बोटं सगळी सांध्यांपाशी सुजून वाकडी झालेली. दोनदा अंगठा घसरला. मी काही बोललो नाही, त्यांनीही नाही, डबा घेतला, एका कोपऱ्याने झाकण सैल केलं आणि परत हातात दिला. "ही नवी झाकणं फार घट्ट करतात," एवढंच म्हणाले. शुक्रवारी ऑफिसात विचारलं तर गुरुवारी डबा रिकामा आला होता म्हणे, पण गुरुवारी कोण गेलं, त्याने उघडून दिला की शेजारच्याने, ते कळलं नाही.

ऑफिसला सांगितलंय की त्यांच्यासाठी दुसरं भांडं बघा. ते म्हणाले बघू. तोवर बाकीच्या वारांना जाणाऱ्यांना निरोप कसा द्यायचा, म्हणजे आजोबांना ओशाळवाणं न वाटता? कार्डावर लिहिलं तर ते कार्ड त्यांना दिसतं.

भावाला अजून उत्तर दिलेलं नाही.

---

तिसऱ्या_मजल्यावरचा

कार्डावर "झाकण सर्वांचे सैल करून देणे" असं लिहा. सर्वांचे. मलाही ती झाकणं उघडत नाहीत, मी चमच्याचा दांडा घालून उचकटतो, एकदा सगळं अंगावर सांडलं. इथे बोललो नव्हतो.

---

सायकलची_घंटा

सैल करा पण अगदी दारात गेल्यावर करा, खाली गाडीत करून ठेवाल तर जिन्यात पिशवी आडवी झाली की सगळी पिशवी धुवायला. आणि वास राहतो हो त्या अस्तराला, बेकिंग सोडा टाकून रात्रभर उघडी ठेवा.